पहिले ड्रोन कोणते घ्यावे?



मधल्या सुट्टीत आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांत अलीकडे एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. पूर्वी मुले विचारीत, "सर, सायकल कोणती घ्यावी?" हल्ली विचारतात, "सर, ड्रोन कोणते घ्यावे?" विचारणाऱ्याच्या हाती बहुधा वडिलांचा मोबाइल असतो, त्यावर एक सुबक चित्र असते, आणि उत्तर त्याने मनाशी ठरविलेलेच असते. आमच्याकडून त्याला केवळ होकार हवा असतो. असा होकार आम्ही एकदा विचार न करता दिला. त्याचे फळ काय झाले ते प्रथम सांगतो, म्हणजे हा लेख लिहिण्याचे कारण तुमच्या आणि तुमच्या पालकांच्याही ध्यानात येईल.

आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील तारापूर औद्योगिक वसाहतीत पाळीचे काम करतात. डिसेंबर २०२१ मध्ये आपल्याच पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप ह्या दुर्गम गावी करोनाच्या लशीच्या तीनशे मात्रा ड्रोनने पोचविण्यात आल्या. डोंगरवाटेने मोटारीला जो पल्ला गाठण्यास बराच वेळ लागतो, तो त्या यंत्राने नऊ-दहा मिनिटांत गाठला. ही हकीकत आम्ही वर्गात मोठ्या उत्साहाने सांगितली, आणि तेव्हापासून त्या मुलाने ड्रोनचा ध्यास घेतला. पुढे एका दिवाळीस वडिलांना बोनस मिळाला. मुलाने एक चित्र आणून आम्हांस दाखविले. आम्ही वह्या तपाशीत होतो. मान वर करून "छान आहे" म्हणालो, आणि पुन्हा वह्यांत डोके घातले. त्या दोन शब्दांच्या भरवशावर बोनसातले वीस हजारांहून अधिक रुपये खर्ची पडले.

सुट्टीतल्या एका सकाळी सात वाजता बापलेक केळव्याच्या किनाऱ्यावर गेले. सुरूच्या बनाच्या आडोशाला वारा मुळीच जाणवत नव्हता. मुलाने घाईने यंत्र उडविले. ते झाडांच्या शेंड्यांच्या वर गेले मात्र, आणि हळूहळू समुद्राकडे सरकू लागले. त्याला परत आणण्यासाठी मुलाने रिमोटची दांडी आपल्याकडे ओढली. परंतु यंत्राचे तोंड त्या वेळी किनाऱ्याकडे होते, त्यामुळे ते मागे, म्हणजे आणखी समुद्रात गेले. चारपाच मिनिटांत त्याचा ठिपका झाला, आणि मग तो ठिपकाही दिसेना. वडील रागावले नाहीत. सुट्टीनंतर मुलाची आई शाळेत आली. तीही भांडावयास आली नव्हती. ती एवढेच म्हणाली, "सर, तुम्ही छान म्हणालात, म्हणून घेतले."

त्या बाईंना आम्ही काय उत्तर देणार? खारे वारे आणि मतलई वारे हा धडा त्या मुलाला आम्हीच शिकविला होता, आणि त्या प्रश्नास त्याने पूर्ण गुणही मिळविले होते. परंतु रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, म्हणून पहाटेपासून सकाळपर्यंत वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, हे ज्ञान उत्तरपत्रिकेतून किनाऱ्यापर्यंत चालत गेले नाही. सातपाटीच्या कोळ्यांस हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. शिडाच्या होड्यांच्या काळात ते मतलई वाऱ्यावर दर्यात जात आणि दुपारनंतरच्या खाऱ्या वाऱ्यावर घरी परतत. ड्रोनही त्या दिवशी मतलई वाऱ्यावर बाहेर पडले. मात्र खारा वारा सुटेपर्यंत वाट पाहण्याइतकी वीज त्याच्या बॅटरीत नव्हती. त्या "छान आहे"चे प्रायश्चित्त म्हणून जे तेव्हा सांगावयास हवे होते, ते आता सविस्तर सांगतो.

१. हे यंत्र उडते कसे?

इंग्रजीत 'ड्रोन' म्हणजे नर मधमाशी. १९३५ च्या सुमारास इंग्लंडात तोफांच्या नेमबाजीसाठी जे वैमानिकाविना उडणारे विमान वापरीत, त्याला 'क्वीन बी' म्हणजे राणीमाशी असे नाव होते; त्यावरून पुढे अशा सर्वच यंत्रांस ड्रोन म्हणण्याचा प्रघात पडला, असे सांगतात. तुम्ही बाजारात पाहता ते ड्रोन बहुधा चार पंख्यांचे असते. एकमेकांसमोरच्या कोपऱ्यांतले, म्हणजे एका कर्णावरचे, दोन पंखे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात आणि दुसऱ्या कर्णावरचे दोन उलट दिशेने. चारही एकाच दिशेने फिरले असते, तर न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे यंत्राचा सांगाडा विरुद्ध दिशेने गरगर फिरला असता. दोन जोड्या परस्परांचा परिणाम नाहीसा करतात, म्हणून सांगाडा स्थिर राहतो.

ड्रोनला विमानासारखे सुकाणू नसते. मागच्या पंख्यांचा वेग वाढविला की ते पुढे झुकते आणि पुढे जाते. डावीकडच्यांचा वाढविला की उजवीकडे जाते. एका कर्णावरच्या जोडीचा वाढविला की जागच्या जागी वळते. हा हिशेब आतला लहानसा संगणक क्षणोक्षणी करीत असतो. त्याच्या मदतीस तोल सांगणारे, हवेच्या दाबावरून उंची सांगणारे, आणि महाग यंत्रांत उपग्रहांवरून जागा सांगणारे साधन असते. जितकी साधने अधिक, तितके यंत्र अधिक आज्ञाधारक. परंतु आज्ञा देणारा तुम्हीच असता, आणि चुकीची आज्ञाही ते तितक्याच निष्ठेने पाळते. केळव्यास तेच झाले.

२. आधी स्वतःस प्रश्न विचारा

लूककृत शुभवर्तमानात बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा उल्लेख आहे. त्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, नाही तर पाया घालून काम अर्धवट राहते आणि लोक हसतात. ड्रोन घेणाऱ्यानेही आधी असेच बसावे. आपणांस उडविण्याची विद्या शिकावयाची आहे की वरून छायाचित्रे घ्यावयाची आहेत? ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली आल्याखेरीज दुसरी येत नाही. नवखा मनुष्य बहुधा कॅमेऱ्याकडे पाहून यंत्र निवडतो. वस्तुतः पहिल्या ड्रोनचा कॅमेरा ही अगदी शेवटी पाहण्याची गोष्ट आहे. तो मुळीच नसला तरी चालेल.

शिवाय किंमत म्हणजे केवळ यंत्राची किंमत नव्हे. जादा बॅटऱ्या, जादा पंखे, चार्जर आणि दुरुस्ती ह्यांचा खर्च वेगळा असतो. पालकांनी जी रक्कम ठरविली असेल, तिचा एक भाग ह्यांसाठी प्रथम बाजूस काढावा आणि उरलेल्या रकमेतच यंत्र पाहावे.

३. वजन

पहिल्या ड्रोनची सर्वांत महत्त्वाची संख्या म्हणजे त्याचे वजन. भारत सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये जे ड्रोन नियम केले, त्यांत वजनावरून पाच वर्ग पाडले आहेत: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत लहान, १५० किलोपर्यंत मध्यम, आणि त्याहून जड ते मोठे. हे वजन बॅटरी आणि वर लादलेली प्रत्येक वस्तू धरून मोजावयाचे असते. नॅनो ड्रोन उडविण्यास, तसेच व्यापारी हेतू नसल्यास मायक्रो ड्रोन उडविण्यास, वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही. नॅनोहून जड ड्रोनची मात्र सरकारी व्यासपीठावर रीतसर नोंदणी करून क्रमांक घ्यावा लागतो. नियमांत वेळोवेळी दुरुस्त्या होत असतात. म्हणून खरेदीपूर्वी नागरी विमानवाहतूक खात्याच्या संकेतस्थळावर ते स्वतः वाचून पाहावेत, दुकानदाराच्या तोंडी भरवशावर राहू नये.

वजनाचे महत्त्व केवळ कायद्यापुरते नाही. नववी-दहावीच्या मुलांनी पुढील उदाहरण वहीत करून पाहावे. २५० ग्रॅमचे ड्रोन ३० मीटर उंचीवर, म्हणजे सुमारे दहा मजली इमारतीच्या उंचीवर, असताना बंद पडले. हवेचा विरोध सोडून दिल्यास जमिनीवर आदळताना त्याचा वेग सेकंदास सुमारे २४ मीटर, म्हणजे ताशी ८७ किलोमीटरच्या आसपास असेल, आणि त्याची गतिज ऊर्जा सुमारे ७३ ज्यूल असेल. १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू ताशी ११० किलोमीटरच्या वेगाने आला, तर त्याची ऊर्जा जवळजवळ इतकीच असते. असा चेंडू बिनटोपीच्या डोक्यावर लागला तर काय होईल, हे मैदानावर खेळणाऱ्यास सांगावयास नको. सर्वांत हलक्या वर्गाची ही गोष्ट; दोन किलोच्या यंत्राची ऊर्जा ह्याच्या आठपट.

तेव्हा पहिले ड्रोन २५० ग्रॅमच्या आतले, शक्य तर शंभर ग्रॅमच्याही आतले असावे.

४. बाजारातील तीन प्रकार

पहिला प्रकार खेळण्यातील लहान ड्रोनचा. हे तळहातावर मावते, पंख्यांभोवती संरक्षक कडी असते, आणि काही हजार रुपयांत मिळते. ते भिंतीवर आपटले तरी बहुधा पुन्हा उडते. त्याच्या मोटरी साध्या असतात व लवकर झिजतात. वाऱ्यापुढे त्याचा निभाव लागत नाही. तथापि ते बंद दिवाणखान्यात किंवा शाळेच्या सभागृहात उडविता येते, आणि हात तयार करण्यास तेच उत्तम.

दुसरा प्रकार उपग्रहांच्या साह्याने जागा धरून राहणाऱ्या, कॅमेरा असलेल्या ड्रोनचा. दांडी सोडली तरी ते हवेत स्थिर राहते, आणि बॅटरी उतरली किंवा संपर्क तुटला तर निघाल्या जागी परतण्याची सोय त्यात असते. परंतु उड्डाणापूर्वी पुरेशा उपग्रहांचा संकेत मिळेपर्यंत थांबले, तरच त्याला निघाल्याची जागा कळते. आमच्या विद्यार्थ्याचे यंत्र ह्याच प्रकारचे होते. तो तेवढे दोन मिनिटे थांबला नाही. जे घर ओळखून ठेवलेच नाही, त्या घरी ते परतणार कसे?

तिसरा प्रकार सुटे भाग आणून स्वतः जोडण्याचा. विद्येच्या दृष्टीने हा सर्वांत मोलाचा; ह्यात झाळकाम, विद्युत्‌मंडल आणि संगणकाची आज्ञावली ह्या तिन्ही गोष्टी शिकता येतात. परंतु ज्याला उडविता येत नाही, त्याला आपले यंत्र जोडणीमुळे पडले की हातामुळे, हेच कळत नाही. म्हणून हे दुसऱ्या पायरीचे काम समजावे.

आमचा सल्ला असा : पहिल्या प्रकारापासून आरंभ करावा. त्याच्याशी दोनतीन महिने खेळून आवड टिकली आणि हात बसला, तर मग दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकाराचा विचार करावा. आवड टिकली नाही, तर घरच्यांचे थोडक्यात निभावले, असे समजावे.

आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीची तयार ड्रोन आयात करण्यास सरकारने मनाई केली आहे. संशोधन, संरक्षण व सुरक्षा ह्यांसाठी तेवढी सवलत आहे, आणि सुटे भाग आणण्यास आडकाठी नाही. असे असताना एखादे महागडे परदेशी यंत्र कोणी "जवळजवळ नवे" म्हणून पावतीवाचून देऊ करील, तर ते कोणत्या वाटेने आले हे विचारावे. जिथे पावती नाही तिथे हमी नाही आणि दुरुस्तीही नाही.

५. बॅटरी

ड्रोनची बॅटरी लिथियम-पॉलिमर जातीची असते. तिच्या एका घटाचा दाब सर्वसाधारणपणे ३.७ व्होल्ट आणि पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो. लहान ड्रोनची बॅटरी ५०० मिलिअँपिअर-तासांची, म्हणजे अर्ध्या अँपिअर-तासाची, आहे असे समजा. चार मोटरी मिळून ४ अँपिअर प्रवाह घेत असतील, तर ०.५ भागिले ४ म्हणजे एक अष्टमांश तास, अर्थात साडेसात मिनिटे, ते उडेल. जाहिरातीत "अर्धा तास उड्डाण" लिहिलेले आढळले, तर बॅटरीवरचे आकडे पाहून असा हिशेब करावा. कित्येकदा तीन बॅटऱ्यांचा वेळ एकत्र करून तो आकडा छापलेला असतो.

ही बॅटरी हलकी व जोमदार, पण तितकीच तापट. ती फुगली, टोचली किंवा वाजवीपेक्षा अधिक भरली गेली, तर पेट घेऊ शकते. म्हणून ती रात्री उशाशी चार्ज करीत ठेवू नये. लाकडी पलंगावर किंवा गादीवर तर मुळीच ठेवू नये. चार्जिंग चालू असताना घरातील मोठ्या माणसाने जवळ असावे. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. महिनाभर यंत्र वापरावयाचे नसेल, तर बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून ठेवू नये. अर्धी भरून ठेवावी. आणि उडविताना चौथा हिस्सा वीज शिल्लक आहे तोवरच खाली उतरावे.

६. वारा

ज्या लहान ड्रोनचा सर्वाधिक वेग सेकंदास ५ मीटर आहे, ते ताशी १८ किलोमीटर जाते. वारा ताशी २० किलोमीटर असेल, तर यंत्र पूर्ण जोराने तुमच्याकडे येत असूनही तुमच्यापासून ताशी २ किलोमीटरने दूर जाईल! ही साधी वजाबाकी आहे. दुपारनंतर आपल्या किनाऱ्यावर खारे वारे जोर धरतात. पावसाळ्यात तर बोलावयासच नको. म्हणून नवख्याने किनाऱ्यावर उडवूच नये. किनाऱ्याची वाळू मोटरीत शिरते आणि खारी हवा धातूचे भाग गंजविते, हे आणखी वेगळे.

दुसरे असे की, जमिनीवरचा वारा आणि झाडांच्या वरचा वारा एक नसतो. नारळीच्या किंवा सुरूच्या आडोशाला उभे राहून "वारा नाही" असे म्हणणे म्हणजे घरात बसून "पाऊस नाही" असे म्हणण्यासारखे आहे. काठीला एक रेशमी फीत बांधावी आणि मोकळ्यावर ती उंच धरून पाहावी. शेंड्यावरच्या झावळ्या हलत असतील, तर त्या दिवशी यंत्र पेटीतच राहू द्यावे.

७. कोठे उडवू नये

हा भाग पालघर-बोईसरच्या मुलांनी दोनदा वाचावा.

तारापूरचे अणुवीज केंद्र हे आपल्या देशातील पहिले. तेथे १९६९ मध्ये व्यापारी वीजउत्पादन सुरू झाले, आणि २००५ व २००६ मध्ये ५४० मेगावॉटच्या दोन भट्ट्यांची त्यात भर पडली. चिंचणी, तारापूर, घिवली ह्या बाजूच्या मुलांस ते लहानपणापासून परिचयाचे असते. त्यामुळे "वरून एक चित्र घ्यावे" असे मनात येणे साहजिक आहे. तो विचार मनातही आणू नये. हे केंद्र राष्ट्राच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने अत्यंत नाजूक स्थान आहे. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल तेथे पहारा देते. मे २०२५ च्या भारत-पाकिस्तान संघर्षात दोन्ही बाजूंनी ड्रोनांचा वापर झाला, हे आपण सर्वांनी पाहिले. खालून पाहणाऱ्या जवानास वरचा ठिपका खेळणे आहे की शस्त्र, हे कसे कळावे? तुमची गंमत त्याच्या दृष्टीने संकट असते, आणि तसे समजणे हेच त्याचे कर्तव्य आहे.

सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये देशाच्या आकाशाचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात हिरव्या, पिवळ्या आणि तांबड्या रंगांचे विभाग आहेत. हिरव्या विभागात सामान्यतः ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत, परवानगीवाचून उडविता येते; पिवळ्यात विमानवाहतूक नियंत्रकाची आणि तांबड्यात केंद्र सरकारची परवानगी लागते. उडविण्याच्या जागेचा रंग प्रत्येक वेळी पाहावा. ह्याखेरीज जिल्हा प्रशासन व पोलिस प्रसंगोपात्त मनाईहुकूम काढीत असतात. सण, निवडणूक किंवा मोठ्या पाहुण्यांची भेट असेल, तेव्हा जवळच्या ठाण्यात आधी विचारावे. नकाशा हिरवा असला, तरी मनाईहुकूम पाळावाच लागतो.

उमरोळी, बोईसर, वाणगाव ह्या भागांत लोहमार्गावरील तारांतून २५,००० व्होल्ट दाबाची वीज वाहते. तीत अडकलेले यंत्र काढावयास कोणीही चढू नये. ते गेले असे समजावे. औद्योगिक वसाहतीत ज्वालाग्राही रसायने असतात. तेथे वरून पडलेली पेटती बॅटरी काय अनर्थ करील, ते ज्यांचे वडील तेथे काम करतात त्यांनी त्यांनाच विचारावे. घारी आपल्या टापूत शिरलेल्या यंत्रावर झडप घालतात. विणीच्या दिवसांत त्यांच्या घरट्यांजवळ जाऊ नये. ह्यात पक्ष्याचाही जीव जातो.

शेवटची जागा नकाशात सापडत नाही. ती म्हणजे शेजाऱ्याचे अंगण. विहिरीवर, परसात, गच्चीवर, बोंबील वाळत घालणाऱ्या बायका काम करीत असतात तेथे, त्यांच्या डोक्यावर कॅमेरा नेणे हे दुसऱ्याच्या खिडकीतून डोकावण्याइतकेच असभ्य आहे. आपल्या आईवर वा बहिणीवर कोणी असा डोळा लावलेला आपणांस रुचेल काय, हा प्रश्न स्वतःस विचारला म्हणजे पुरे.

८. शिकावे कसे?

प्रथम संगणकावर किंवा मोबाइलवर उड्डाणाचा सराव देणारा खेळ मिळतो, त्यावर आठवडाभर हात फिरवावा. तेथे यंत्र शंभरदा पडले तरी पैसा लागत नाही. मग बंद जागेत, पंख्यांना कडी लावून, गुडघ्याइतक्या उंचीवर यंत्र एक मिनिट स्थिर ठेवण्याचा सराव करावा. त्यानंतर चौकोन काढावा, मग वर्तुळ. हे सर्व यंत्राचे तोंड आपल्या विरुद्ध बाजूस ठेवून साधले, म्हणजे खरी परीक्षा सुरू होते : यंत्राचे तोंड आपल्याकडे वळवून तेच पुन्हा करावे. आता डावे ते उजवे होते आणि पुढे ते मागे. ज्याला हे विचार न करता जमते, त्याचा हात तयार झाला. असा हात तयार होण्यापूर्वी उघड्या मैदानात जाऊ नये. तेथे गेल्यावरही यंत्र डोळ्यांपुढून जाऊ देऊ नये. जोडीला एक मित्र घ्यावा, ज्याचे काम फक्त आकाश आणि माणसे पाहण्याचे.

दुकानात गेल्यावर पुढील पाच प्रश्न विचारावेत : बॅटरीसह वजन किती? जादा पंखे व बॅटऱ्या येथेच मिळतात काय, आणि कितीला? पंख्यांना कडी आहे काय? बिघडल्यास दुरुस्ती कोण करील? रीतसर पावती मिळेल ना? ह्या पाचांची उत्तरे मिळाली नाहीत, तर चित्र कितीही सुंदर असो, रिकाम्या हाताने परत यावे.

९. पालकांस दोन शब्द

इतके सारे 'करू नये' वाचून ही वस्तूच नको, असे आपणांस वाटेल. परंतु आमचा हेतू तो नाही. मुंबईच्या आय. आय. टी. तून शिकून निघालेल्या काही तरुणांनी २००७ मध्ये ड्रोन बनविण्याची कंपनी स्थापन केली. तिचे नाव आयडियाफोर्ज. २००९ च्या 'थ्री इडियट्स' ह्या चित्रपटात आपण उडताना पाहिले, ते ड्रोन ह्याच तरुणांचे. अशी यंत्रे आता गावठाणाची मोजणी करतात, शेतात औषध फवारतात आणि पुरात अडकलेल्यांचा शोध घेतात. ही विद्या शिकलेल्यास काम आहे. दहावी उत्तीर्ण आणि अठरा वर्षे पूर्ण झालेला कोणीही तरुण वा तरुणी मान्यताप्राप्त संस्थेत शिक्षण घेऊन वैमानिकाचे प्रमाणपत्र मिळवू शकते. झापच्या आदिवासी बांधवांपर्यंत लस नेणारे हात आपल्याच मुलामुलींचे का नसावेत? म्हणून मुलाची हौस मारू नका. तिला पायऱ्या बांधून द्या. पहिली पायरी स्वस्त असू द्या, आणि ती चढताना आपण स्वतः जवळ उभे राहा.

आमचा तो विद्यार्थी आता शाळेच्या सभागृहात शनिवारी दुपारी तळहाताएवढे ड्रोन उडवितो. तोंड आपल्याकडे करून वर्तुळ काढणे त्याला साधू लागले आहे. त्याने त्या मोठ्या यंत्राची रिकामी पेटी टाकून दिलेली नाही. तीत तो मोडके पंखे, जुन्या मोटरी आणि एक वही ठेवतो. वहीत रोज सकाळी आणि संध्याकाळी वाऱ्याची दिशा लिहिलेली असते. पुन्हा मोठे यंत्र मागण्याआधी वर्षभराची नोंद पुरी करीन, असे त्याने आपल्या वडिलांस सांगितले आहे.

आणि आमच्याकडे हल्ली कोणी मोबाइलवरचे चित्र घेऊन आले, तर आम्ही वह्या मिटतो, त्याला खुर्ची देतो, आणि "छान आहे" असे न म्हणता एवढेच विचारतो, "बाळ, आज वारा कोणीकडचा आहे?"